पांढरी लुगडी आणि दहा बाय बाराची खोली

दुसऱ्या बल्बचं बटण दाबलं आणि फट्‌दिशी आवाज झाला. बोर्डातून धूर निघाला. खोली अंधारली, आणि शेजारच्या घरात चाललेला रेडिओसुद्धा गाण्याच्या मधेच गप्प झाला. भिंतीपलीकडून एक बाई ओरडली, "कोनं केलं व हे?"

मी केलं होतं.

हे अमरावतीतलं. राजापेठेच्या मागच्या एका गल्लीत मुलींचं एक छोटं वसतिगृह होतं, त्याच्या एकुलत्या एका खोलीत मी उभा होतो. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी अकोल्याच्या एका फोटो स्टुडिओत नोकरीला होतो. लग्नाचे फोटो, शाळेचे ग्रुप, परवान्यावर चिकटवायचे चेहरे, हे आमचं रोजचं काम. त्या दिवशी मात्र मी गाण्याची रीळ काढायला आलो होतो. तीन मिनिटांचं गाणं आणि त्यावर हलतं चित्र. आता नातू याला म्युझिक व्हिडिओ म्हणतो. तेव्हा आमच्याकडे या प्रकाराला नावही नव्हतं.

रीळ हवी होती इंगळे गुरुजींना. गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर. भातकुली, वलगाव आणि आसपासच्या गावांतल्या नऊ मुलींना त्यांनी शिकायला शहरात आणून ठेवलं होतं. बहुतेक मुली बौद्ध घरांतल्या, शेतमजुरांच्या. नऊ जणी, नऊ पत्र्याच्या पेट्या आणि खोली दहा बाय बाराची. एवढ्यातच झोपायचं, एवढ्यातच अभ्यास. गुरुजींना आणखी एक खोली बांधायची होती. एका टुरिंग टॉकीजवाल्याने कबूल केलं होतं, "तीन मिनिटांची रीळ आणून द्या, खेळाच्या आधी गावोगाव दाखवतो." लोक पाहतील, कुणी विटा देईल, कुणी लाकूड देईल, असा गुरुजींचा हिशेब.

आमच्या मालकांकडे, बापूसाहेबांकडे, एक सोळा एमएमचा कॅमेरा होता. घड्याळासारखी चावी द्यायची, की अर्धं मिनिट चालायचा. मग पुन्हा चावी. आवाज त्यात यायचा नाही, नुसतं चित्र. निघताना बापूसाहेबांनी दोन रिळं माझ्या हातात ठेवली.

"दोनच. तिसरं मागायचं नाही."

"नाही मागत."

"आणि वसंता, पांढरं जळता कामा नये."

हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या स्टुडिओचा मंत्र होता. तो समजावून सांगतो. फिल्मवर उजेड जास्त पडला की पांढऱ्या कपड्याची घडी, काठ, वीण सगळं पुसलं जातं आणि नुसता चुन्याचा डाग राहतो. याला आम्ही जळणं म्हणायचो. उजेड किती आहे ते सांगणारं एक छोटं यंत्र असतं, त्याला मीटर म्हणतात. बापूसाहेबांची शिकवण अशी, की मीटर नेहमी सगळ्यात पांढऱ्या वस्तूपाशी धरायचा. म्हणजे धोतर, शालू, फेटा. गिऱ्हाईक फोटो हातात घेतल्यावर आधी शालूची जर आली का ते बघतं, असं ते म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मी हजार वेळा पाहिलं होतं.

तर अकोल्याहून बडनेरा, बडनेऱ्याहून टांगा, असा मी सकाळी नऊला पोचलो. दोन मोठे बल्ब आणले होते, पाचपाचशे वॉटचे. घराचं कनेक्शन दोन दिव्यांचं. हे मी आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्याचं फळ शेजारच्या रेडिओला मिळालं.

"आता काय हो?" गुरुजी म्हणाले.

"आता अंगणात घेऊ. ऊन आहे चांगलं."

गुरुजींनी मान हलवली. "अंगणात घेतलं तर लोक म्हणतील, वा, काय मोकळं अंगण आहे! खोली दिसली पाहिजे, वसंतराव. खोलीसाठी तर रीळ आहे."

मला चीड आली, पण माणूस बरोबर बोलत होता. मी पुन्हा खोलीत गेलो. बल्बच्या गडबडीत मी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. आता डोळे अंधाराला सरावले, ती नीट दिसली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

आठ दिवसांपूर्वी मी खोली बघून गेलो होतो. तेव्हा भिंती चुलीच्या धुरानं काळपटल्या होत्या. मी मनात म्हटलं होतं, झकास, गाणाऱ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत बसणार आहेत, मागं भिंत काळी आहे, छान उठून दिसतील. पण शूटिंग म्हणजे घरी पाहुणे येणार! मग आपल्याकडे बायामाणसं काय करतात? घर रंगवतात. आदल्या दिवशी सगळ्या जणींनी मिळून चुना भिजवला, त्यात भरपूर नीळ घातली आणि चारही भिंती लख्ख करून टाकल्या. कोपऱ्यात चुन्याची बादली अजून ओलीच होती.

डोळ्याला ती भिंत सुंदर दिसत होती, फिकट निळी, आभाळासारखी. पण काळ्यापांढऱ्या फिल्मला फिकट निळं आणि पांढरं यात फरक कळत नाही. म्हणजे पांढऱ्या भिंतीपुढं पांढरी लुगडी. भिंत कुठं संपली आणि बाई कुठं सुरू झाली हे देवालाही सांगता आलं नसतं.

"चांगली झाली ना भिंत?" दारातून आवाज आला.

या गिरजाबाई. वसतिगृहाचा स्वयंपाक त्याच करायच्या आणि गाणं त्याच म्हणणार होत्या. पन्नाशीच्या, उंच, बारीक, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. जिनिंग फॅक्टरीत वीस वर्षं कापूस निवडून त्या इथं आल्या होत्या. गाणंही त्यांनीच जुळवलं होतं. त्यांच्यामागं वस्तीतल्या चार बाया, सगळ्या पांढऱ्याशुभ्र, नव्या धुतल्या लुगड्यांत.

"भिंत चांगली झाली," मी म्हटलं. "पण आता लुगड्याचं काहीतरी करायला लागेल."

"लुगड्याले काय झालं?"

इथं मी माझी हुशारी दाखवली. मुंबईला एका स्टुडिओत मी महिनाभर उमेदवारी केली होती. तिथं पांढरे कपडे सरळ कॅमेऱ्यापुढं आणत नसत. चहाच्या पाण्यात बुचकळून काढत. थोडा मळकट रंग येतो, फिल्मवर तो छान पांढरा दिसतो, जळत नाही. हे मी अगदी मास्तरासारखं समजावून सांगितलं. म्हटलं, "एक पातेलं चहाचं पाणी ठेवा, अर्ध्या तासाचं काम."

कुणी हललं नाही. चार बाया गिरजाबाईंच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"चहात बुडवू म्हनता?"

"थोडंसंच. नंतर धुतलं की निघून जातं."

"नाई." त्या शांतपणे म्हणाल्या. मग मात्र आवाज चढला. "जलमभर लोकायनं उतरवलेलं नेसलो आमी. मळकं, फाटकं, जे फेकलं ते. हे पांढरं आमी आमच्या पैशानं घेतलं, आमच्या मर्जीनं. हे नेसून दीक्षा घेतली. अन् तुमी म्हनता मळकं करा! काहून? तुमच्या डब्याले झेपत नाई म्हनून?"

गुरुजी मधे पडले. "गिरजाबाई, ते तसं नाही म्हणत..."

"गुरुजी, तुमी थांबा जरा. यायले एक गोष्ट दाखोतो मी."

चुना लावायचा म्हणून भिंतीवरच्या तसबिरी काढून एका पेटीवर ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी उचलली, पदरानं काच पुसली आणि माझ्या हातात दिली. ग्रुप फोटो होता. मैदानात दुपारच्या उन्हात बसलेल्या तीसेक बाया, सगळ्यांची पांढरी लुगडी, डोक्यावरून पदर.

"दीक्षा घेतली तवाचा हाय, अकोल्याचा. ही मी. अन् ही बाजूले माही शेवंता. माही लेक. पुढच्या दोन वर्सांत तापानं गेली. तिचा हा एकच फोटू." त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "आता लुगडं पाहा. काठाचा धागा न् धागा मोजून घ्या. दिसते का नाई?"

"दिसतो."

"मंग लेकीचं तोंड दाखवा मले."

तोंड नव्हतं. पदराच्या आत काळा गोळा होता. शेवंताचं नाही, गिरजाबाईंचं नाही, तिसांतल्या एकीचंही नाही. तीस लुगडी अगदी सुरेख आली होती आणि तीस चेहरे काजळीसारखे.

फोटोच्या खालच्या कोपऱ्यात शिक्का दाबलेला होता. आमच्या स्टुडिओचा. आणि मला तो दिवस आठवला. बापूसाहेबांना ताप होता म्हणून त्यांनी मला पाठवलं होतं. माझा पहिला मोठा ग्रुप. मी पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या पदराला मीटर लावला, आकडा घेतला, आणि पांढरं जळू दिलं नाही. बापूसाहेबांनी पाठ थोपटली होती.

खोटं बोलता आलं असतं. शिक्क्याखाली माझं नाव थोडंच होतं? पण ती बाई समोर उभी होती.

"गिरजाबाई, हा फोटो मी काढलाय."

"तुमी?"

"मीच. चूक माझी आहे."

गिरजाबाईंनी तसबीर माझ्या हातातून काढून घेतली आणि जपून पेटीवर ठेवली. मला वाटलं, आता बाई मला गल्लीबाहेर काढणार. काढलं असतं तर मी गेलो असतो.

"मंग आज नीट काढा," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

माझ्या गळ्यात मीटर लटकत होता. त्यांनी तो बोटानं हलवला. "हे काय हाय?"

"मीटर. उजेड किती आहे ते सांगतो."

"कुठं लावता याले?"

"लुगड्यापाशी."

"लुगड्यापाशी काहून? गानं काय लुगडं म्हनते?"

बाकीच्या बाया फिस्सकन हसल्या. मी हसलो नाही. आठ वर्षं मी हे काम करत होतो आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मी दाराच्या पायरीवर बसलो आणि नीट विचार केला. मीटर तोंडापाशी धरायचा, हे ठरलं. सावळ्या तोंडाला लागेल तेवढा उजेड फिल्मवर घ्यायचा. पण मग लुगडं जळणार, आणि पांढरी भिंत तर पेटूनच उठणार. सगळं चित्र दुधात पडल्यासारखं होणार. म्हणजे दोन गोष्टी करायला हव्या. एक, मागची भिंत काळी. दोन, ऊन लुगड्यावर सरळ पडू द्यायचं नाही, तोंडावर मात्र उजेड पोचवायचा. शिवाय पदर डोक्यावरच राहणार. पदराची सावली तोंडावर पडते, ती वेगळीच पंचाईत.

"मागची भिंत काळी पाहिजे," मी चाचरत म्हटलं. काल राबून केलेलं काम होतं ते.

"एवढंच ना?" गिरजाबाई म्हणाल्या. "मंग आधीच काहून नाई बोलले? एक भिंत सारवाले किती येळ लागते!"

पुढं जे झालं ते बघण्यासारखं होतं. पाचही जणींनी आत जाऊन पांढरी लुगडी बदलली, जुनी नेसली. गल्लीत कुणाच्या तरी घराचा पाया खणला होता, तिथली काळी माती दोन घमेली आली. शेण आलं. चुलीतला कोळसा पाट्यावर वाटला. अर्ध्या तासात कालची आभाळासारखी भिंत काळीकुळकुळीत झाली. हात सपासप चालत होते आणि तोंडानं मला टोमणे. "उद्या म्हनसान, छत भी सारवा!" एक जण म्हणाली.

तोवर मला उजेड शोधायचा होता. अंगणात ऊन होतं, पण पलीकडं सरकीच्या गोदामाची उंच भिंत. गुरुजी म्हणाले, दीडच्या सुमारास अंगणात सावली येते. म्हणजे माझ्या हातात जेमतेम दोन तास होते. ऊन आत न्यायचं तर मोठा आरसा हवा. राजापेठेत एक सलून होतं, नत्थूभाऊंचं. मी धावत गेलो. नत्थूभाऊ एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवत होते.

"तुमचा हा मोठा आरसा दोन तासांसाठी मिळेल का?"

वस्तरा थांबला. "अन् गिऱ्हाईक काय माह्या टकलात पाहून दाढी करन?"

मी सगळी हकिकत सांगितली. नऊ मुली, एक खोली, दीडची सावली. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं ऐकत होतं. ते म्हणालं, "द्या ना भौ. मी बसतो तवर."

नत्थूभाऊंनी गालाचं काम उरकलं, आरसा खिळ्यावरून उतरवला आणि छातीशी धरला. "मी आरसा कोनाच्या हाती देत नसतो. फुटला त दुकान बसलं माहं. मीच येतो." आणि बाळ घेऊन चालावं तसे ते राजापेठेतून आरसा घेऊन माझ्यापुढं चालू लागले.

आता मांडणी सांगतो. पुन्हा पांढरी लुगडी नेसून पाच बाया आणि नऊ मुली खोलीत बसल्यावर मुंगीला जागा नव्हती, म्हणून कॅमेरा खिडकीबाहेर गेला. खिडकीचा एक गज काढून मी बाहेरून एका ड्रमवर बसलो. अंगणात नत्थूभाऊ आरसा घेऊन उभे. आरशातून ऊन दारातून आत, पण बायांवर नाही. त्यांच्यापुढं जमिनीवर मी दोन धुतलेली धोतरं अंथरली होती, ऊन त्या धोतरांवर पडायचं. तिथून उजेड उसळी मारून वर येणार, पदराच्या आत, थेट तोंडावर. वरून येणारा उजेड पदर अडवतो. खालून येणारा कसा अडवणार? लुगड्यांवर सरळ ऊन पडत नव्हतं. उलट मांडीवरची पांढरी लुगडीच धोतरांना साथ देऊन तोंडं उजळत होती. ज्या लुगड्यांना मी चहात बुडवायला निघालो होतो, त्यांनीच माझे अर्धे बल्ब भरून काढले.

मी आत जाऊन मीटर गिरजाबाईंच्या गालापाशी धरला. काटा हलला. पुरेसा हलला.

"काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

"हो म्हणतोय."

"मंग जा आता बाहेर. मले दम घेऊ द्या."

साडेबाराला पहिली चावी दिली. गिरजाबाईंनी सूर लावला आणि मागून सगळ्यांनी उचलून धरलं.

एका खोलीत गं बाई नऊ पेट्या, नऊ वह्या
माय अंगठ्याची धनी, लेकी करतात सह्या

अर्धं मिनिट झालं की कॅमेरा थांबायचा, मी "थांबा" ओरडायचो, चावी द्यायचो, पुन्हा त्याच ओळीपासून सुरू. ऊन तेवढ्या वेळात सरकायचं. धोतरावरचा उजेडाचा चौकोन हळूहळू दाराकडे चालू लागायचा. मग मी ओरडायचो, "नत्थूभाऊ, डावीकडं! थोडं खाली!" एकदा त्यांचा हात दुखला आणि ऊन भसकन गिरजाबाईंच्या डोळ्यांत गेलं. डोळे मिटले, पण गाणं थांबलं नाही. ते अर्धं मिनिट वाया गेलं.

दुसरी रीळ अर्धी झाली तेव्हा गोदामाची सावली अंगणात उतरली. नत्थूभाऊ मागं मागं सरकत होते, उन्हाच्या पट्ट्याबरोबर. शेवटी ते कुंपणाला टेकले. पट्टा हातभर उरला होता. मी शेवटची चावी दिली. शेवटचं कडवं, नऊ मुली वह्या वर धरून. कॅमेरा आपणहून खट्‌ करून थांबला, रीळ संपली, आणि मी वर बघितलं तर आरशात ऊन नव्हतं.

हुश्श! मी ड्रमवरून खाली उतरलो. गिरजाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. माझ्या हातात कप देताना म्हणाल्या, "घ्या. हा पेयाचा हाय. लुगड्याचा नाई."

काम झालं, पण निकाल कुठं लागला होता? रिळं धुवायला मुंबईला पाठवायची, परत यायला पंधरा दिवस. अकोल्यात बापूसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला.

"मीटर कुठं धरलास?"

"तोंडाला."

"आणि लुगडी पांढरी?"

"पांढरी."

"मेलास तू," बापूसाहेब म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

त्या पंधरा दिवसांत मी आणखी एक गोष्ट केली. जुन्या पेटाऱ्यातून त्या ग्रुपची निगेटिव्ह शोधून काढली. डार्करूममध्ये शेवंताच्या चेहऱ्यावर उजेड कमी-जास्त करून सात प्रिंट काढल्या. काही आलं नाही. निगेटिव्हवर जे पोचलंच नाही, ते कागदावर कुठून आणणार? ती जागा कोरीच होती. मला रडू आलं, हे सांगायला लाज कसली. मी त्या प्रिंट फाडून टाकल्या.

मुंबईहून वाया गेलेले तुकडे कापून, जोडून रीळ आली ती थेट वलगावला गेली, कारण टुरिंग टॉकीजचा तंबू तिथं पडला होता. आधी पाहून घ्यायला वेळच मिळाला नाही. संध्याकाळचा पहिला खेळ. आवाज नव्हता, म्हणून गुरुजींनी तोडगा काढला होता. पाचही बायांनी पडद्याच्या कडेला उभं राहून चित्राबरोबर गायचं. तंबू खचाखच भरलेला. मी आणि बापूसाहेब मशीनजवळ उभे. बापूसाहेब मुद्दाम आले होते, माझी फजिती बघायला की काय, कुणास ठाऊक.

गुरुजींनी चार शब्द सांगितले. दिवे गेले. मशीन घरघरलं. पडद्यावर काळी भिंत आली, नऊ पेट्या आल्या, आणि मग गिरजाबाईंचा चेहरा. केवढा मोठा! कपाळावरची रेघ, डोळ्यांतलं पाणी, ओठ हलताना दिसणारे दात, सगळं. मागं एकेक बाई, एकेक मुलगी, सगळ्यांची तोंडं. कुणीही ओळखावं अशी.

पण गाणं येईना. पडद्यावर गिरजाबाई तोंड उघडून गात होत्या आणि पडद्याच्या कडेच्या गिरजाबाई लोकांकडं पाठ करून, मान वर करून, नुसत्या उभ्या. त्या गप्प म्हणून बाकीच्या चौघीही गप्प. तंबूत चुळबुळ सुरू झाली.

"गिरजाबाई!" गुरुजी अंधारातून कुजबुजले, पण ऐकू सगळ्यांना आलं. "म्हणा ना! चाललं की चित्र!"

"थांबा ना गुरुजी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पयले मले पाहू तं द्या!"

तंबू हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "पाहू द्या हो बुढीले!" मशीनवाला हसत हसत म्हणाला, काळजी नका करू, पुन्हा लावतो. तीन मिनिटं अख्ख्या तंबूनं मुकी रीळ पाहिली. मग दुसऱ्यांदा लागली, आणि या वेळी पाचही जणींनी असा सूर लावला की तंबूचं कापड हललं असेल.

सिनेमा सुरू झाल्यावर मी आणि बापूसाहेब तंबूबाहेर आलो, तर गिरजाबाई आम्हाला शोधत आल्या. मी जरा धास्तावलोच. पडद्यावर एवढा मोठा चेहरा आला म्हणजे गालावरचे लहानपणीच्या देवीचे वणही स्पष्ट आले होते. स्टुडिओत आम्ही असे वण निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं बुजवून टाकायचो, गिऱ्हाईक खूश व्हायचं. हलत्या चित्रात ते जमत नाही.

"देवीचे वन भी आले व माय," त्या म्हणाल्या.

"फोटो असता तर बुजवले असते, गिरजाबाई. रीळ आहे, इलाज नव्हता."

"बुजवता काहून? ते भी माहेच हायेत." आणि हसत आत निघून गेल्या, सिनेमा पाहायला.

खोली झाली. रीळ बऱ्याच गावांना फिरली, कुणी विटा दिल्या, एका सुतारानं दारं दिली. पुढच्या उन्हाळ्यात मुली दोन खोल्यांत राहायला लागल्या.

वलगावच्या त्या खेळाहून परतताना बापूसाहेब गाडीत माझ्याशेजारी बसले होते. बडनेरा गेल्यावर म्हणाले, "लुगड्याचे काठ गेले, वसंता. जळले सगळे."

"हो."

"जाऊ देत," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर मी तीस वर्षं फोटो काढले, आणि मीटर तोंडालाच धरला. काठ गेला, जर गेली, शालू ओळखू येत नाही, अशा तक्रारी पुष्कळ आल्या. माणूस ओळखू येत नाही, अशी एकही आली नाही.